सातवं बुशिंग

१

माणूस गेल्यावर जे साहेब येतात, ते आले.

खात्यात त्यांना सगळे झोपासाहेब म्हणत. नव्या माणसाला वाटे, हे गृहस्थ कचेरीत पेंगत असतील. तसं काही नव्हतं. विजेच्या अपघातांचा तपास करणं हे त्यांचं काम, आणि अपघात झाल्याशिवाय तपास कसला करणार? बैल गेला नि झोपा केला, अशी सगळी नोकरी. त्यावरून कुणा टवाळानं नाव ठेवलं आणि ते चिकटलं. साहेबांनाही ते ठाऊक होतं. रागावून उपयोग नव्हता, कारण नाव खोटं नव्हतं.

या वेळी पाणीपुरवठ्याच्या पंपघरातला म्हातारा मिस्त्री गेला होता.

पंपांना वीज देणारा आणि तोडणारा ब्रेकर म्हणजे तेलानं भरलेली एक लोखंडी टाकी. तिच्या झाकणातून अकरा हजार व्होल्टच्या सहा दांड्या आत जातात. दांडीची वीज झाकणाच्या लोखंडात उतरली तर संपलंच. म्हणून प्रत्येक दांडीभोवती एक जाड नळकांडं असतं, बाहेरून चिनी मातीचं, आतून कागदाच्या थरांचं. तेच बुशिंग. या टाकीवरची सहाही बुशिंगं वयात आली होती, नव्हे, वय उलटून गेलं होतं त्यांचं. ती बदलण्याचं काम चाललं होतं. परवा दुपारी सहावं बसलं, मिस्त्रीनं दांडा ओढून वीज चालू केली आणि नेमकं ते सहावंच फुटलं. मिस्त्री समोर उभा होता.

झोपासाहेब गुडघे धरत खाली बसले. फरशीवर तेल, काजळी आणि खापऱ्या. दोन तुकडे बाजूला सारून त्यांनी तिसरा उचलला आणि खिडकीकडे धरला. आतले कागदाचे थर तपकिरी पडून एकमेकांपासून सुटले होते. त्यांच्यामधून बारीक काळ्या रेघा झाडाच्या मुळ्यांसारख्या पसरल्या होत्या. ओल शिरली की वीज अशी वाट शोधत शोधत पुढे सरकते, आणि त्याला वर्षं लागतात.

"नवंकोरं बुशिंग फुटलं हो साहेब," मागं उभा असलेला कुणीतरी हळहळला.

"मुळ्या फुटायला एक दुपार पुरते होय रे?" साहेब म्हणाले. "हे नवं नाही."

२

"मग झालं तर!" पंपघराचे मोठे साहेब टाळी द्यायचेच काय ते बाकी होते. "कोठाराची किल्ली एकाच माणसाकडे असते."

तो माणूस भिंतीला टेकून उभा होता. किल्ल्यांचा जुडगा कमरेला बांधून हिंडतो म्हणून त्याला किल्लेदार म्हणत. किल्ला नाही, फौज नाही, नुसता जुडगा. आज तो जुडगाही मोठ्या साहेबांच्या टेबलावर पडला होता, आणि फाटकाशी पोलिसांची गाडी उभी होती.

मोठ्या साहेबांचा हिशेब सरळ होता. नवी सहा आली. किल्लेदारानं त्यातलं एक बाहेर लांबवलं आणि कुठलंतरी जुनं धुऊनपुसून खोक्यात घातलं. नवी-जुनी एकाच कारखान्याची, एकाच तपकिरी रंगाची. मिस्त्रीची नजर अधू. त्यानं ते बसवलं आणि जिवाला मुकला.

"संध्याकाळी याला पोलिसांच्या ताब्यात देतो," ते म्हणाले. "अर्धं गाव नळाखाली रिकाम्या बादल्या घेऊन बसलंय. त्यांना काहीतरी सांगायला नको?"

झोपासाहेबांनी किल्लेदाराला बाहेर पायरीवर नेलं.

"साहेब, मी जुनं दिलं असतं ना, तर मिस्त्रीनं ते माझ्याच टाळक्यात घातलं असतं," किल्लेदार म्हणाला. "नजर अधू होती, पण हाताला सगळं कळायचं त्याच्या. नवं-जुनं अंधारात सांगायचा. त्याला कोण फसवणार?"

"हे बाकी खरं. काढलेली जुनी कुठायत?"

"मागच्या आवारात, भंगारात. परवाच संध्याकाळी उचलली. मोठ्या साहेबांचा फोन आला, खोली ताबडतोब रिकामी करा, दुसरी लाइन जोडायचीय. मी हमालांना म्हटलं, काढून ठेवलेली बुशिंगं आहेत, तेवढी उचला. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं हो, मिस्त्रीला नुकतंच उचलून नेलेलं. मी खोलीत पाऊलसुद्धा टाकलं नाही."

"किती आहेत?"

"सहा. आज सकाळी मोठ्या साहेबांनी स्वतः मोजली."

झोपासाहेबांनी आवारात जाऊन पाहिलं. तेलानं आणि राखेनं बरबटलेली सहा बुशिंगं ढिगात आडवी पडली होती. ते परत आले तेव्हा त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या. टाकीवर जुनी सहाच होती. ती सहाही भंगारात. मग टाकीवर जे फुटलं, ते सातवं जुनं आलं कुठून?

"याच्याच कोठारातून," मोठे साहेब म्हणाले. "दुसरं कुठून?"

किल्लेदारानं हात जोडले. "घरी शाळेत जाणारी मुलं आहेत, साहेब. चोराची मुलं म्हणतील त्यांना."

परवा पंपांवर कोण होतं, ते शोधायला झोपासाहेब निघाले.

३

पंपवाल्याला भोंगा म्हणत. पंपांच्या धडधडाटात जन्म काढल्यानं त्याचे कान गेले होते, आणि आपण किती जोरात बोलतो हे त्याला कळत नसे. आज पंप बंद होते, तरी तो तसाच ओरडून बोलत होता.

"मिस्त्री आणि या कामावरच्या इंजिनियर बाई बाप-लेक, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे."

"आदल्या दिवशी जुंपली त्यांची! बुशिंग कोरड्या फडक्यानं पुसा म्हणाली पोरगी. यानं घेतलं रॉकेल. नेहमीची खोड, कुणाचं ऐकायचंच नाही. तशी ती सगळ्यांसमोर म्हणाली, ‘इथं मी तुमची मुलगी नाही. माझं ऐकायचं नसेल तर घरी बसा.’ मिस्त्रीचं तोंड एवढंसं झालं हो. मला वाटलं, आता हा पाना फेकून जाणार. पण नाही. मुकाट्यानं कोरडं फडकं घेतलं."

"आणि परवा?"

"परवा बाईंना मोठ्या कचेरीत बोलावलं होतं. काम लांबलं म्हणून खडसावायला, दुसरं काय. एकच बुशिंग राहिलं होतं. मिस्त्री जेवून आला, तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. पोरीचा."

"तुम्हाला काय ऐकू आलं?"

"मी कानानं कुठं ऐकतो? मी तोंडाकडं बघून ऐकतो. त्यात चूक नाही होत." भोंग्यानं दोन बोटं स्वतःच्या ओठांवर ठेवली. "मिस्त्री म्हणाला, ‘तपासून काढून ठेवलंय? तेच बसवू?’ मग जरा थांबला. मग म्हणाला, ‘बरं. या वेळी तुझं ऐकतो.’ आणि हसला."

"हसला?"

"हो ना. मग दाराजवळच्या फळीवर एक बुशिंग होतं पुसून ठेवलेलं, ते उचललं. उचलताना स्वतःशीच पुटपुटला, ‘जुनंच परत बसवायचं होतं तर एवढा खटाटोप कशाला? पण कचेरीतल्या साहेबांची मर्जी.’"

झोपासाहेब ताडकन उठले. "हे तुम्ही कुणाला का सांगितलं नाही? किल्लेदाराला बेड्या पडायची वेळ आलीय!"

भोंगा पहिल्यांदाच हळू बोलला. "पोरीचा बाप गेलाय, साहेब. त्यात माझ्या तोंडून हे कसं निघावं?"

म्हणजे जुनं बुशिंग मिस्त्रीनं जाणूनबुजून बसवलं होतं. आणि ते बसवायला पोटच्या पोरीनं सांगितलं होतं.

४

मिस्त्रीचं घर दोन खोल्यांचं होतं. माणसं येऊन गेली होती, चपलांची जागा रिकामी झाली होती. इंजिनियर बाई खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. डोळे कोरडे.

"किल्लेदाराला सोडू नका," त्या म्हणाल्या. "माझ्या बाबांचा जीव घेतलाय त्यानं."

झोपासाहेब संतापून आले होते. वाटेत चांगली चार वाक्यं जुळवलेली होती. पण त्या पोरीकडे बघून त्यातलं निम्मं गळालं. "शेवटचं बुशिंग कोणतं बसवायचं, ते तुम्ही फोनवर सांगितलंत?"

"हो. नवं. मी स्वतः मीटर लावून तपासलेलं नवं."

"आणि दाराजवळच्या फळीवरचं?"

"ते जुनंच होतं. सहांमधलं सगळ्यांत खराब. बाकीच्या ब्रेकरचीही बदला म्हणून साहेबांच्या मागं लागले होते ना मी, त्यांना दाखवायला पुसून बाजूला ठेवलं होतं. बाबा तेव्हा जेवायला गेले होते. त्याचं काय?"

तिची नजर सरळ होती. ती खोटं बोलत असेल तर आपण इतकी वर्षं झक मारली, असं झोपासाहेबांना वाटलं. आणि ती खरं बोलत असेल तर मग भोंग्यानं पाहिलं ते काय? शिवाय फळीवरचं जुनं टाकीवर चढलं असेल, तर भंगारात पाचच उरायला हवीत. तिथं तर सहा आहेत. एक धागा ओढावा तर दुसरा गुंतत होता.

"बाबा असले की माझं तोंड दुखायचं सांगून सांगून," ती म्हणाली. "औषध घ्या, नाही. चष्मा लावा, नाही. जन्मात माझं एक ऐकलं असेल तर शपथ!"

आतून मिस्त्रीची बायको पाणी घेऊन आली. एवढ्याशा खोलीत बसायला दुसरी जागा नव्हती, म्हणून झोपासाहेब पलंगाच्या कडेवर टेकायला गेले. तिथं एक सदरा आणि पायजमा घडी करून ठेवला होता.

"जरा थांबा हं," ती म्हणाली आणि ते कपडे उशाकडे सरकवले. "त्यांचे आहेत. काढून ठेवलेत."

"दवाखान्यातून दिले का, वहिनी?" साहेबांनी हळुवारपणे विचारलं.

"नाही हो. अंगावरचे नव्हेत." तिला त्यांचा प्रश्नच कळेना. "परवा सकाळी कपाटातून काढून ठेवले. कामावरून आले की आंघोळ करून घालायला. रोजच काढून ठेवते मी. उचलायला हात होत नाही आता."



काढून ठेवलेत. कपडे धुतलेले होते, इस्त्रीचे होते, डोळ्यांसमोर होते, तरी त्यांनी ऐकलं ते मेलेल्याच्या अंगावरून उतरवलेले. कारण त्यांचीही उमेदवारी वर्कशॉपात गेली होती. तिथं काम दोनच प्रकारचं, काढायचं आणि बसवायचं. काढलं म्हणजे यंत्रावरून उतरवलं. घरात मात्र काढून ठेवलं म्हणजे कपाटातून, डब्यातून, खोक्यातून बाहेर घेऊन हाताशी तयार ठेवलं.

"बाई," त्यांनी मुलीला विचारलं, आणि आवाज शक्य तितका साधा ठेवला, "ते नवं नेमकं कुठं होतं?"

"खिडकीपाशी, बाकावर. खोक्यातून मीच..."

"पुरे!" ते म्हणाले. ते वाक्य तिनं पुरं करू नये असं त्यांना फार वाटलं. पाणी तसंच ठेवून ते बाहेर पडले.

५

"फडकी आणा," झोपासाहेबांनी आवारात शिरता शिरता हाक दिली. "आणि त्या बिचाऱ्याला इकडं आणा."

किल्लेदार आला, मागून मोठे साहेब आले, त्यांच्या मागून पोलीस.

"जुनी सहाच होती," झोपासाहेब म्हणाले. "त्यातलं एक मिस्त्रीनं परत टाकीवर चढवलं, भोंग्यानं ते डोळ्यांनी पाहिलंय. मग इथं जुनी राहिली पाच. तरी ढीग सहाचा आहे. आपण सातवं जुनं शोधत बसलो. सातवं जुनं नाहीच. या ढिगातलं एक नवं आहे."

"भंगारात नवं?" मोठे साहेब हसले.

बुशिंग झाकणावर ज्या लोखंडी कड्यावर बसतं, त्याला बोल्टची भोकं असतात. झोपासाहेब एकेक कडं पुसत गेले. पहिल्याच्या भोकांभोवती रंग खरवडलेला, गंज धरलेला. दुसरंही तसंच. तिसरं, चौथं तसंच. पाचव्याशी त्यांचा हात थांबला. त्यांनी फडकं बदललं आणि पुन्हा पुसलं. भोकांच्या कडेचा रंग जसाच्या तसा होता. त्यांतून आजवर एकही बोल्ट गेला नव्हता.

"हे कधी कुठं बसलेलंच नाही," ते म्हणाले. "तुमचं चोरीला गेलेलं नवं हेच. बाकावर तपासून, बसवायला तयार ठेवलेलं होतं. किल्लेदार हमालांना म्हणाला, काढून ठेवलेली उचला. हमालांनी फरशीवरचं, बाकावरचं, जे जे काढून ठेवलेलं दिसलं ते उचललं. तेला-राखेत लोळल्यावर कोण नवं नि कोण जुनं!"

किल्लेदार मटकन खाली बसला. तो हसत होता की रडत होता, त्याचं त्याला कळत नव्हतं. पोलिसांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ते गाडीकडे निघून गेले.

मोठ्या साहेबांना सावरायला फार वेळ लागला नाही. "म्हणजे मिस्त्रीनं चुकीचं उचललं. ठीक आहे, त्याची चूक लिहा नि मिटवून टाका. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

"त्याला सांगितलं तेच त्यानं उचललं."

"मग पोरीची चूक लिहा. मला दोन्ही चालतील."

झोपासाहेबांनी आजवर चोर शोधले होते, कामचुकार शोधले होते, खोट्या सह्या करणारे शोधले होते. सापडला की बरं वाटायचं. आज सगळं सापडलं होतं आणि त्याचं करायचं काय, ते कळत नव्हतं. लेकीनं आईच्या बोलीत सांगितलं आणि बापानं वर्कशॉपच्या कानानं ऐकलं. यात धरायचं कुणाला?

"बाईंना मी सांगतो," किल्लेदार उठत म्हणाला. "मी चोर नाही, हे त्यांनी बघितलं पाहिजे."

"अरे, थांब."

पण त्यानं ते बुशिंग खांद्यावर घेतलंसुद्धा होतं. दिवसभर लोकांच्या नजरा झेललेल्या माणसाला कुठल्या तोंडानं अडवायचं?

६

वाटभर झोपासाहेब एक वाक्य घोळवत होते. ‘नक्की कारण सांगता येत नाही.’ किल्लेदार सुटला होता, आता एवढं लिहिलं तर कुणाचं काय जाणार होतं? मिस्त्रीवर ठपका नाही, पोरीवर नाही. वाक्य चांगलं होतं. त्यांनी ते मनात दोनदा म्हणून पाहिलं.

दारात किल्लेदाराला बघून इंजिनियर बाई उसळून उभ्या राहिल्या. "हा इथं कशाला?"

"बाई, बघा," किल्लेदार दम खात म्हणाला. "तुमचं नवं बुशिंग. भंगारात गेलं होतं चुकून. मी नाही हो चोरलं."

ती पुढं झाली. चिनी मातीवर तिनंच खडूनं केलेली बरोबरची खूण तेलाखाली अजून पुसट दिसत होती. "हेच ते," ती म्हणाली. "हेच मी बाबांना सांगितलं होतं. तपासून, पुसून, काढून ठे..."

शब्द तोंडातच राहिला.

झोपासाहेबांनी खाली पाहिलं. हुशार पोरगी होती. तिला कुणी समजावून सांगण्याची गरजच नव्हती. दाराजवळची फळी, खिडकीजवळचा बाक, दोन्हीकडचं पुसलेलं, दोन्हीकडचं काढून ठेवलेलं, हे सगळं तिच्या चेहऱ्यावरून एकेक करत सरकताना त्यांना दिसत होतं, आणि ते थांबवण्याचा कुठलाही उपाय त्यांच्याकडे नव्हता.

"पण ते विचारतील ना!" ती एकदम म्हणाली. "जुनं का, असं विचारतील. माझ्याशी वाद घालतील. प्रत्येक गोष्टीत घालायचे. साधा दिवा बदलायचा तर तासभर वाद." तिनं झोपासाहेबांची बाही धरली. "त्यांनी माझं ऐकलं नसेल. मी नवंच म्हटलं असेन आणि त्यांनी ऐकलं नसेल. कधीच ऐकायचे नाहीत. हो ना, काका? तेवढंच सांगा. ऐकलं नाही ना त्यांनी?"

वाटभर घोळवलेलं वाक्य झोपासाहेबांना आठवेना. हो म्हणावं, तर बाप गेला तो लेकीचं न ऐकल्यामुळे गेला, असं ती जन्मभर म्हणत राहणार. मिस्त्री आणखी एकदा हटवादी ठरणार. आणि आदल्या दिवशी चारचौघांत खाली मान घालून कोरडं फडकं घेतलेल्या त्या म्हाताऱ्यानं जे केलं, ते कुणालाच कळणार नाही.

"ऐकलं, बाळ," ते म्हणाले. "भोंग्यानं बघितलं. ‘या वेळी तुझं ऐकतो’ म्हणाले. आणि हसले."

तिनं बाही सोडली. किल्लेदार दारातच उभा होता. खांद्यावरचं ते जड नळकांडं आता कुठं ठेवावं, हे त्याला कळत नव्हतं.

आतून आईची हाक आली.

"अगं, बाबांचे कपडे काढून ठेवलेत, ते कपाटात ठेवू का परत?"

जरा वाट पाहून ती पुन्हा म्हणाली, "की राहू देत आजचा दिवस?"